मानेवरचा न निघणारा मळ

माझ्या मानेवर मागच्या बाजूला काळा पट्टा होता आणि तो मळ आहे असं आमच्या घरात चार वर्षं सगळ्यांना वाटत होतं. मलाही. दर रविवारी आई मला बाथरूममध्ये पाटावर बसवायची, वेणी वर धरायला सांगायची आणि बेसन, दही, लिंबू घेऊन मान घासायची. कधी मसुरीचं पीठ, दिवाळीत उटणं, आणि एकदा चिडून नारळाचा काथ्या. मान लालबुंद व्हायची. शाळेच्या शर्टाची कॉलर लागली की मंगळवारपर्यंत आग व्हायची आणि पट्टा जिथल्या तिथे.

"एवढी मोठी घोडी झालीस, साधी मान धुता येत नाही तुला?" आई म्हणायची.

मी धुवायचे. शप्पथ, दिवसातून दोनदा धुवायचे.

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या एक काकू आईकडे पोळ्यांची ऑर्डर द्यायला आल्या आणि जाता जाता म्हणाल्या, आमच्या सोहमची मान बघा ना, कितीही घासा, मळ निघतच नाही. आई हातातलं लाटणं तसंच घेऊन त्यांच्या घरी गेली. परत आली तेव्हा डोळे सुजले होते. मला म्हणाली, "तू हे सगळं लिहून काढ. मी सांगायला गेले की मला रडू येतं."

म्हणून लिहितेय. मी काही डॉक्टर नाही, आणि मला एका जागी बसवत नाही, त्यामुळे जमेल तसं लिहीन.

*

आम्ही मुंबईत चारकोपला राहतो. बाबा इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये प्लास्टिक मोल्डिंगच्या मशिनवर आहेत, पाळी बदलत असते. आई पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटते, सकाळी शंभर, संध्याकाळी शंभर. उरलेल्या पोळ्या घरी यायच्या आणि त्या मी तूप-साखर लावून गुंडाळी करून खायचे. तीन, कधी चार. आईला त्याचं बरं वाटायचं. दिवसभर लोकांच्या पोरांचे डबे भरणाऱ्या बाईला आपली पोर पोटभर खाताना बघून बरं वाटणारच.

दहावीत माझं वजन ब्याण्णव किलो होतं. शाळेत टँकर म्हणायचे. जाड मुलगी म्हणजे आळशी असं लोक धरूनच चालतात. मी आळशी कधीच नव्हते. उलट माझे पाय सतत हलत असतात, वर्गात बाक हलवते म्हणून मी कितीतरी वेळा उभी राहिलेय. पण टँकर म्हटल्यावर ते कोण बघतो.

एकाच ठिकाणी माझं वजन लोकांना हवं होतं. आमच्याकडे मुलींचं गोविंदा पथक आहे. आठवीत असताना रेश्माताईने, म्हणजे पथकाच्या प्रशिक्षकाने, मला रस्त्यात थांबवलं, खांद्यावर दोन्ही हात ठेवून सगळं अंग टाकलं आणि मी हलले नाही तशी म्हणाली, "उद्यापासून यायचं. तू पायात." पाया म्हणजे सगळ्यांत खालचा थर. गोल करून, एकमेकींच्या खांद्यात हात घालून, मान खाली घालून उभं राहायचं आणि वर सगळी पथकाची इमारत. माझ्या खांद्यावर दीप्ती उभी राहायची, तिच्यावर आणखी एक, तिच्यावर आणखी एक. एरवी दोन मिनिटं स्थिर न बसणारी मी थराखाली दगडासारखी उभी असायचे. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला झकास म्हटलं ते तिथे.

फक्त मान खाली घातली की ती मागून सगळ्या गर्दीला दिसायची. म्हणून मी गळ्याला रुमाल बांधायचे. पथकाच्या फोटोत रुमालवाली शोधा, ती मी.

*

पथकाच्या विम्यासाठी त्या वर्षी रेश्माताईने सगळ्यांकडे डॉक्टरची चिठ्ठी मागितली. दहावीची सुट्टी चालू होती. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी ब्लडप्रेशर घेतलं, मग पुन्हा घेतलं, मग दुसऱ्या हातावर घेतलं.  चिठ्ठी दिली ती पथकासाठी नव्हती, मोठ्या हॉस्पिटलासाठी होती.

हॉस्पिटलात पंधरा वर्षांची मुलगी लहान मुलांच्या ओपीडीत जाते हे मला तिथे कळलं. भिंतीवर ससे आणि फुगे. माझ्या शेजारी दोन वर्षांचं पोर नाक ओढत बसलेलं. बाकडं इतकं बुटकं की गुडघे छातीला लागत होते. केसपेपर काढायला एक तास, नंबर यायला दोन. मी इतका पाय हलवला की समोरच्या आजोबांनी, पोरी, बाक मोडशील, असं सांगितलं.

ब्लडप्रेशर घ्यायला सिस्टरने हाताला पट्टा गुंडाळला तो पुरला नाही. मुलांचा होता. टर्रकन सुटला. मला वाटलं, आता ही हसणार. ती उठून मोठ्यांच्या वॉर्डात गेली, तिथला पट्टा घेऊन आली, आणि बांधताना म्हणाली, "आमच्याकडे मापं कमी आहेत." जणू चूक पट्ट्याची होती. त्या दिवसातलं तेवढंच एक चांगलं मला आठवतं.

डॉक्टर तरुण होत्या. रिपोर्ट बघायच्या आधी माझ्या मागे आल्या आणि वेणी उचलली.

"हे किती वर्षांपासून आहे?"

मी बोलायच्या आत आई सुरू झाली. "डॉक्टर, मी दर रविवारी घासते हो. बेसनाने, लिंबाने. हिलाच स्वच्छतेची आवड नाही. लाज आणते."

डॉक्टरांनी वेणी हळूच खाली सोडली. "ताई, हा मळ नाही. घासू नका. शरीरात इन्सुलिन खूप वाढलं की कातडी अशी जाड आणि काळी होते. मानेला, काखेत. हे आतून आलंय, बाहेरून कितीही घासलं तरी जाणार नाही."

आईने पर्स उघडली, बंद केली, पुन्हा उघडली.

मग रक्त, सोनोग्राफी, पोटाला टेप. आठवड्याने डॉक्टरांनी सगळे रिपोर्ट समोर ठेवून बोटं मोजली. पोटाचा घेर जास्त. ब्लडप्रेशर जास्त. रक्तातली वाईट चरबी जास्त. साखर सीमेवर. "पाच गोष्टी बघतो आम्ही. तीन बिघडल्या की त्याला मेटाबोलिक सिंड्रोम म्हणतात. तुझ्या चार आहेत."

"म्हणजे डायबेटिस?" आईने विचारलं.

"नाही. अजून नाही."

त्या 'अजून'ने माझी झोप उडवली. डॉक्टरांनी तीन महिने दिले. खाणं बदलायचं, रोज चालायचं, वजन उतरवायचं, मग पुन्हा रक्त. नाही जमलं तर औषध.

रिक्षात आई बाहेर बघत बसली होती. मला राग आला होता, चार वर्षांचा, आणि तो काढायला कुणी सापडत नव्हतं, कारण ती रडत होती. घरी आल्यावर तिने काथ्या कचऱ्यात टाकला. रविवारी सवयीने ती बाथरूमच्या दारापर्यंत आली, क्षणभर थांबली आणि परत गेली. मी आत पाटावर बसून होते.

*

घरात मग महिनाभर भांडणं. बाबांना दहा वर्षं शुगर आहे. गोळी घेतली की दोन जिलब्या खायला ते मोकळे असतात.

"तुमच्या घरातूनच आलंय हे," आई म्हणायची. "तुमचे बाबा, तुमची आत्या, सगळे."

"आणि तूप-साखर कोणी भरवली?" बाबा म्हणायचे. मग आई ताट आपटायची आणि मी दोघांच्या मधून उठून गॅलरीत जायचे. आपल्यावरून आपले आई-बाप भांडतात हे ऐकणं आजारापेक्षा वाईट असतं. माझ्या चार बिघडलेल्या गोष्टींची वाटणी चालली होती, दोन तुझ्या, दोन माझ्या.

हॉस्पिटलातल्या आहारतज्ज्ञ बाई बऱ्या होत्या. मला वाटलं होतं, दुधी आणि काकडीवर जन्म काढायला सांगतील. त्यांनी आधी विचारलं, काय आवडतं? मी म्हटलं, बांगडा. "मग खा की. तळू नको, कमी तेलात तिखलं करून खा. भात वाटीने घे, टोपातून नको." आईने ते वहीत उतरवून घेतलं, परीक्षेला बसल्यासारखं.

दीड महिन्यात अडीच किलो उतरले. आईने शेजारी सांगितलं. मला मात्र भीती वाटायला लागली, कारण गुरुपौर्णिमा आली होती आणि पथकाचा सराव सुरू झाला होता.

माझ्या डोक्यात सरळ हिशेब होता. मी जाड, म्हणून पायात. वजन गेलं की जागा गेली. मग मी कोण? परत टँकर, तेही रिकामा. डॉक्टरांना हे सांगायची लाज वाटली आणि रेश्माताईला आजार सांगायची भीती. चिठ्ठी आणते, आणते म्हणत मी तिला टोलवत राहिले. ती सरावानंतर सगळ्यांना उकडलेली अंडी वाटायची, मला एक जास्त द्यायची आणि पाठीवर थाप मारून म्हणायची, "तू आहेस ना, मग मला पायाचं टेन्शन नाही." त्या थापेसाठी मी काहीही केलं असतं.

आणि केलंच. घरी आईच्या समोर भाजी, कोशिंबीर, वाटीभर भात. क्लासहून येताना नाक्यावर दोन वडापाव, कधी तीन, उभ्या उभ्या, रस्त्याकडे पाठ करून. आई वहीत रोजचं जेवण लिहायची. किती चांगलं चाललंय म्हणून बाबांना दाखवायची. मला इतकं अपराधी वाटायचं की ते घालवायला मी परत खायचे.

मग तीन महिने भरत आले आणि माझी तंतरली. रक्त द्यायचं होतं शुक्रवारी. मी दहावीत आदल्या आठवड्यात अभ्यास करून पास झालेली मुलगी. इथेही तेच करायचं ठरवलं. शनिवारपासून खाणं बंद. डबा मैत्रिणींना, रात्रीचं जेवण पिशवीत. पाणी, काळा चहा, बस. सहा दिवसांत रिपोर्ट गोरा होईल असं मला खरंच वाटत होतं.

*

गुरुवारी संध्याकाळी सराव होता. मैदानात अजून उजेड होता, कडेला मुलं क्रिकेट खेळत होती. आम्ही गोल केला. दीप्ती माझ्या खांद्यावर चढली, तिचे पाय नेहमीप्रमाणे चाचपडले आणि स्थिर झाले. तिच्यावर तिसरा थर चढायला लागला. माझ्या कानात शिटीसारखा आवाज सुरू झाला. मला ओरडता आलं असतं. पायातल्या मुलीने नुसतं "उतरा" म्हटलं तरी सगळ्या उतरतात, पहिल्या दिवशी तेच शिकवतात. मी नाही म्हटलं. मला वाटलं, ओरडले तर कळेल. तेवढ्यात गुडघे गेले.

मला काही झालं नाही. माझ्यावरच्या दीप्तीने हात टेकला आणि तिचं मनगट मोडलं.

रिक्षात ती कळवळत होती आणि मध्येमध्ये मला विचारत होती, "काय झालं गं तुला, भवाने? तू कधी हलत नाहीस." दीप्तीचं प्लास्टर झालं. मग रेश्माताईने मला बाहेरच्या बाकावर बसवलं.

"आज काय खाल्लंस?"

"काही नाही."

"काल?"

मी सगळं सांगितलं. चिठ्ठी, डॉक्टरांचं ते 'अजून', वडापाव, सहा दिवस. ती ऐकत होती आणि तिचा चेहरा रागाने काळवंडत होता.

"तुला काय वाटलं, मी तुला वजनासाठी ठेवलंय?"

"हो."

 ती समोरच्या भिंतीकडे बघायला लागली. "ह्या वर्षी तू नाही," शेवटी म्हणाली. "पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी. आणि ती जास्तीची अंडी मी उगाच देत होते, ती माझी चूक." त्या वर्षी दहीहंडीला आमचं पथक एक थर कमी लावून आलं. मी घरी पंख्याकडे बघत पडले होते. दुपारभर बाहेर ढोल वाजत होता आणि मला कान कापून टाकावेसे वाटत होते.

शुक्रवारच्या रक्ताचंही ऐका. रिपोर्ट फसला नाही. उपाशीपोटीची साखर थोडी खाली होती, पण दुसरी एक तपासणी असते, तिच्यात मागच्या तीन महिन्यांचं सगळं दिसतं. ती आधीपेक्षा वर गेली होती. डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि मला विचारलं, "सहा दिवस की सात?"

आई माझ्याकडे बघत होती. पिशवीत वही होती, रोजचं जेवण लिहिलेली.

मला वाटलं आता झापणार. डॉक्टरांनी विचारलं, "भीती कशाची वाटत होती?" मी सांगितलं. त्यांना नीट कळेना, तेव्हा केसपेपरच्या मागे थर काढायला लावला. मी काढला. "ह्यात तू कुठे?" मी बोट ठेवलं. "वर किती जणी?"

"तीन."

"आणि तू सहा दिवस उपाशी."

एवढंच. मग गोळी लिहून दिली. घरी येऊन आईने वहीची पानं फाडली नाहीत. शेवटच्या पानाखाली रेघ मारली आणि म्हणाली, "आता तू लिहायचं. वडापाव खाल्लास तर वडापाव लिहायचं. मी ओरडणार नाही." ओरडली, दोनदा. पण मी लिहीत राहिले.

*

पुढचं वर्ष कंटाळवाणं होतं. बरं होण्याच्या गोष्टीत लोक हा भाग गाळतात, म्हणून मुद्दाम सांगते. रोज तेच. बाबा रात्रपाळी असली तरी सात वाजता येऊन दारातूनच हाक मारायचे, "चल गो, वायच फिरान येवया," आणि आम्ही दोघं सेक्टरच्या रस्त्यांवरून पाऊण तास चालायचो. ते डोळे चोळत, मी पुढे पुढे. जिलब्या त्यांनी माझ्यासमोर बंद केल्या. मागे खातात की नाही ते मी विचारत नाही. गणपतीत मी मोदक खाल्ले, दिवाळीत चकल्या, आणि उतरलेलं वजन अर्धं परत आलं. गोळीने सुरुवातीला मळमळायचं. महिनाभर काटा हलायचाच नाही, तेव्हा मी काटा उचलून पलंगाखाली ढकलायचे आणि आई तो परत काढून ठेवायची.

दीप्तीने मला माफ वगैरे केलं नाही, शिक्षा दिली. प्लास्टर निघेपर्यंत रोज तिची वेणी मी घालायची. सहा आठवडे मी सकाळी तिच्या मागे बसून वेणी घातली. तिची मान स्वच्छ, गव्हाळ. मला जळायला व्हायचं. एकदा न राहवून माझी दाखवली, रुमाल काढून. तिने बोट लावून बघितलं. "मला वाटायचं, तू पावडर लावत नाहीस म्हणून," ती म्हणाली. "दुखतं का?"

"घासलं की."

"मग कशाला घासतेस, येडी आहेस का?"

यंदा गुरुपौर्णिमेला मी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन मैदानात गेले. वजन एक्क्याऐंशी. पाचातल्या दोन गोष्टी अजून बिघडलेल्या आहेत, साखर मात्र सीमेच्या आत आली आहे. गोळी चालू आहे. रेश्माताईने चिठ्ठी दोनदा वाचली, खिशात घातली आणि गोलाकडे बोट दाखवलं. दीप्ती चढली. वरून तिचा आवाज आला, "ताई, हिचा खांदा आता लागतो पायाला. आधी नुसती गादी होती, सरकायला व्हायचं." सगळ्या हसल्या, मीही हसले, आणि हसताना हलले नाही. गेल्या वर्षी ज्या जागेसाठी मी लपून खात होते, ती जागा वजनाची नव्हतीच. पण हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

दहीहंडीच्या दिवशी सकाळी पथकाची जर्सी घातली आणि सवयीने रुमाल शोधायला लागले. सापडला. हातात घेतला आणि मग आईला हाक मारली. "केस वर बांध ना. घट्ट. एकदम वर."

आईने पीठ लागलेले हात पुसले आणि माझ्या मागे येऊन उभी राहिली. केस गोळा करून वर बांधले. मान मोकळी झाली. पट्टा पूर्ण गेलेला नाही, फिका झालाय, उजेडात बघणाऱ्याला दिसतोच. खालून दीप्ती हाका मारत होती, ट्रक आला होता, ढोल सुरू झाला होता. तेवढ्यात आईचा तळहात मानेवर आला. मी दचकून खांदे आवळले, चार वर्षांच्या सवयीने. हात हलला नाही.

"आग होते का गं अजून?" आईने विचारलं.

"नाही."

तिने हात तसाच ठेवला. दीप्तीने पुन्हा हाक मारली. मला एका जागी थांबवत नाही हे मी सुरुवातीलाच सांगितलंय. तेव्हा थांबले.